खळ आणि कोरी जागा

'कोलाज' हा शब्द आपल्याकडे चित्रकलेच्या वर्गातून आला, म्हणून तो जरा मोठ्या घरचा वाटतो. खरे तर तो स्वयंपाकघराच्या जवळचा आहे. फ्रेंच भाषेत 'कोल' म्हणजे खळ. आपण बालाघाटकर हिंदीच्या सवयीने जिला लेई म्हणतो तीच ही. कोलाज म्हणजे खळ लावून चिकटवण्याचे काम. आकाशकंदिलाच्या कामट्यांवर पतंगी कागद चढवणारी आणि तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाला चमकी कागदाची झूल घालणारी आपली मुले हेच काम करीत आली. त्यांना कोणी कलावंत म्हटले नाही, इतकेच.

गेली काही वर्षे आपली शिकलेली मुलेमुली हातकागदावर वेगळ्याच धर्तीची चिकटचित्रे करू लागली आहेत. मोठा, किंचित पिवळसर कागद. त्यावर हाताने फाडून चिकटवलेले दोन किंवा तीन तुकडे, फार तर एखादा सुती दोरा. बाकी सारे मोकळे. घरातली वडीलधारी माणसे विचारतात, "अरे, पण यात चित्र कुठे आहे?" हा प्रश्न मला थट्टेवारी नेण्यासारखा वाटत नाही. त्याचे उत्तर इतिहासात आहे, थोडे पॅरिसच्या आणि बरेचसे आपल्या. या छंदासाठी जुना कागद हवा म्हणून आता आपल्या घरांतल्या ट्रंकांकडेही नजरा वळू लागल्या आहेत. त्याविषयी मला स्पष्ट बोलायचे आहे, पण आधी कागदाची गोष्ट.

पॅरिसचा भाग लवकर आटोपतो. १९१२ सालच्या मे महिन्यात पाब्लो पिकासोने वेताच्या खुर्चीची वीण छापलेला मेणकापडाचा तुकडा आपल्या चित्रावर चिकटवला आणि चित्राच्या कडेने दोर फिरवला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याचा मित्र जॉर्ज ब्राक याने आव्हिन्योंच्या एका दुकानातून लाकडाच्या रेषांची नक्कल छापलेला भिंतीचा कागद आणला आणि त्याच्या पट्ट्या कोळशाच्या रेखाटनात बसवल्या. कलेच्या इतिहासाची पुस्तके आधुनिक कोलाजचा जन्म इथे लावतात. दोघांचाही माल गिरणीतला होता, छापील आणि मुद्दाम नकली. पुढे पिकासोने वर्तमानपत्रांची कात्रणे लावली. ती आज तपकिरी पडली आहेत, कारण वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो आणि त्यातले लिग्निन उजेडात काळवंडत जाते. आपल्या मध्य प्रदेशातल्या नेपानगरच्या गिरणीचे उद्घाटन १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. तिथे सालई आणि बांबूपासून वर्तमानपत्राचा कागद निघू लागला. तोही असाच अल्पायुषी. बालाघाटच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षे कागद गिरण्यांकडे गेला, आणि आपण त्याचा कागद रद्दीत घातला.

हातकागदाची जात निराळी. कागद हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि वस्तू त्याच वाटेने आली, चीनहून समरकंद-बगदादमार्गे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलवली आणि तिचे दौलताबाद केले. त्या उलथापालथीत आलेले कागदी, म्हणजे कागद करणारे कारागीर, दौलताबाद आणि खुलदाबादच्या मधल्या वाटेवर वसले, अशी परंपरा आहे. त्या गावाचे नावच कागजीपुरा. जुन्नरलाही कागद होई, खानदेशात एरंडोलला होई. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा नावाची वस्ती आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत जुन्नरी आणि दौलताबादी ही कागदांची नावे येतात. बारभाईंचे राजकारण आणि गावच्या पाटलाची थळझाडा-वहिवाट ही दोन्ही अशाच हातकागदावर उतरली.

हा कागद कसा होई ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची सगळी कला त्यातूनच निघते. जुनी गोणपाटे, दोर, चिंध्या चुन्याच्या पाण्यात भिजत घालायच्या, कुटायच्या, वाहत्या पाण्यात धुवायच्या, पुन्हा कुटायच्या. असे अनेक दिवस चाले. मग तो लगदा हौदातल्या पाण्यात कालवायचा आणि गवताच्या बारीक काड्यांची, घोड्याच्या केसांनी विणलेली चटई त्यात बुडवून अलगद वर उचलायची. पाणी गळून जाते आणि चटईवर तंतूंची साय उरते, ती म्हणजे कागद. ओले ताव गुळगुळीत सारवलेल्या भिंतीवर कुंच्याने बसवून वाळवत. वाळला की त्याला तांदळाची किंवा गव्हाची खळ देत. फारसीत या खळीला 'आहार' म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. कागदाला आहार दिला नाही तर तो शाई पिऊन टाकतो. शेवटी अकीकासारख्या दगडाने ताव घोटायचा, म्हणजे बोरू अडखळत नाही.

इथे माझ्यासारख्या जैन माणसाच्या मनात आलेली एक गोष्ट नोंदवतो. युरोपात हातकागदाला सरस देत, म्हणजे जनावरांची कातडी आणि खूर उकळून काढलेला चिकट रस. आपल्याकडे धान्याची खळ. हा फरक धर्माने नव्हे, बहुधा कारागिरीच्या वाटेने पडला, कारण आपले कागदी मुसलमान होते आणि त्यांची रीत इराणकडची होती. पण जैन ग्रंथभांडारांतली मोठमोठी पोथ्यांची लेखने या खळीच्या कागदावर निर्वेधपणे होऊ शकली, हेही खरे. कागदी मुसलमान, लेखनिक बहुधा ब्राह्मण किंवा कायस्थ, पैसा श्रावकाचा. एका पोथीत इतके हात असत.

एकोणिसाव्या शतकात हा धंदा मोडला. कचेऱ्यांत विलायती कागद आला, तुरुंगांतून कैद्यांकडून स्वस्त कागद करवून घेतला जाऊ लागला, आणि मग गिरण्या निघाल्या. पुण्याजवळ मुंढव्याची डेक्कन पेपर मिल १८८५ ची. ज्यांच्या घरात सहा-सात पिढ्या चटई होती त्यांनी ती अडगळीत टाकली.

ती अडगळीतून पुन्हा बाहेर आली ती आपल्या शेजारी, वर्ध्याला. १९३४ साली वर्धा आणि बालाघाट एकाच प्रांतात होते. मध्य प्रांत व वऱ्हाड, राजधानी नागपूर. त्या डिसेंबरात गांधीजींच्या प्रेरणेने वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. तेलघाणी, हातसडीचे तांदूळ, मधमाश्या यांच्या बरोबरीने कागदाचाही उद्योग तिथे उभा राहिला. के. बी. जोशी यांनी हातकागदाच्या कृतीवर पुस्तक लिहिले, ते या संघानेच प्रसिद्ध केले. पुढे १९४० साली पुण्यात हातकागद संस्था निघाली. तीही जोशींच्याच खटपटीने. तिथे आजही कागद होतो. जयपूरजवळ सांगानेरला हातकागदाची जी राष्ट्रीय संस्था आहे तिला कुमारप्पांचेच नाव दिले आहे. आज बाजारात मिळणारा चांगला हातकागद बहुतेक बनियनच्या कारखान्यांतून येणाऱ्या सुती कातरणीचा असतो. त्यात लाकूड नसते, म्हणून तो पिवळा पडत नाही.

चित्रकलेशी या उद्योगाची गाठ पडली ती काँग्रेसच्या अधिवेशनांत. डिसेंबर १९३६ चे अधिवेशन खानदेशात, फैजपूरला भरले. खेड्यात भरलेले ते पहिले. तिथल्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस यांना बोलावले, आणि नंदबाबूंनी बांबू, चटया, गवत अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून सारे उभे केले. चौदा महिन्यांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, गुजरातेत हरिपुऱ्याला भरलेल्या अधिवेशनासाठी त्यांनी हातकागदावर चित्रफलक रंगवले. ढोलकी वाजवणारा, कापूस पिंजणारा, चांभार. जाड रेषा, मोजके रंग. कागद खडबडीत असल्यामुळे कुंचल्याला बारकावा करताच येत नव्हता. काटकसर त्या कागदानेच शिकवली म्हणा ना.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मोकळ्या कागदावर दोन तुकडे लावले तर त्यात चित्र कुठे असते?

जुनी जैन पोथी कधी हातात घेतली असेल तर आठवा. पान लांबट आणि अरुंद असते, कारण आधी पोथ्या ताडपत्रावर लिहीत आणि ताडाचे पान तसेच असते. ताडपत्राच्या मधोमध भोक पाडून त्यातून दोरी ओवायची, म्हणून लेखक त्या भोकाभोवती जागा सोडून लिहीत असे. मग कागद आला. कागदाला भोकाची गरजच नव्हती. तरी लेखकांनी मधली जागा सोडणे थांबवले नाही. शतकानुशतके ओळी त्या कोऱ्या चौकोनापाशी येऊन थांबतात, उडी मारतात आणि पलीकडे पुन्हा सुरू होतात. कधी त्या जागी एक तांबडा ठिपका दिला जाई. अभ्यासक तिला 'मध्यफुल्लिका' म्हणतात. दोरी गेली, भोक गेले, आणि त्यांची जागा मात्र डोळ्यांच्या सवयीने राखून ठेवली. मला विचाराल तर कमीत कमी सामानातले इतके देखणे रेखन मी दुसरीकडे पाहिलेले नाही: मजकुराची काळी वीण, मधे पांढरे मोकळे, त्यात एक लाल टिंब.

त्याच पोथीत ओळी सरळ कशा येत? रेघा आखलेल्या दिसत नाहीत. एका पाटीवर ठरावीक अंतराने दोरे ताणून बांधलेले असत. गुजरातीत तिला 'ओळियुं' म्हणतात. कोरे पान तिच्यावर ठेवून बोटाने दाबले की दोऱ्यांचे वळ उमटत. शाई नाही, पेन्सिल नाही, नुसती दाबाची रेघ. तिरप्या उजेडात ती अजून दिसते. चुकलेले अक्षर लपवायला पिवळी हरताळ फासत. म्हणजे आपण 'नियमांना हरताळ फासला' असे म्हणतो ते थेट लेखनिकाच्या दौतीपाशी जाऊन पोचते. हरताळ हा सोमलाचा भाऊबंद, त्यामुळे तिथे कीड सहसा फिरकत नसे. माझ्या औषधांच्या पेटीतही सोमल आहे, अर्थात फारच दूरच्या नात्याने.

दुसरे उदाहरण दिगंबर मंदिरांतले. सिद्ध म्हणजे देह टाकलेला जीव. त्याची मूर्ती करायची कशी? जुन्या धातुकारांनी उपाय काढला. पितळेच्या पत्र्यातून उभ्या माणसाची आकृती कापून काढून टाकली आणि उरलेला पत्रा पीठिकेवर उभा केला. दिसते ती बाह्यरेषा, आत फक्त आरपार मोकळी जागा. मागे दिवा लावला तर प्रकाशाचा माणूस उभा राहतो. चौदाव्या शतकातल्या अशा सिद्धप्रतिमा आज परदेशच्या संग्रहालयांतही आहेत. कात्रीने आकार कापून, तो फेकून, भोकाला चित्र मानायचे, ही कल्पना विसाव्या शतकाने शोधलेली नाही, हे दाखवण्यापुरताच हा दाखला.

मथुरा-वृंदावनच्या सांझीतही कापलेल्या कागदाच्या भोकांतूनच रंग गाळून आकृती उतरवतात. आपल्या राज्यात माळव्याकडे पितृपक्षात कुमारिका शेणाने सारवलेल्या भिंतीवर फुले आणि चमकीच्या पन्न्या चिकटवून रोज नवी सांझी मांडतात आणि शेवटच्या दिवशी 'किलाकोट' रचतात. ती सरळ कोलाजच झाली, पण ती भरगच्च असते. मोकळ्या जागेचा धाक तिला नाही. परंपरेत दोन्ही ओढी होत्या, भरण्याची आणि सोडण्याची. नव्या मुलांनी दुसरी उचलली.

आधुनिक काळात ही दुसरी ओढ ज्यांनी उचलली त्यांतला मोठा माणूस आपल्या नागपुरात जन्मला. वासुदेव गायतोंडे, जन्म १९२४. घराणे गोव्याकडचे, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये, पुढचे आयुष्य दिल्लीत. आपल्या चित्रांत वस्तू नाही, विषय नाही, असेच ते म्हणत. त्यांच्या कॅनव्हासवर प्रकाशासारखा एक रंग असतो आणि त्यात तरंगणारे थोडे आकार. ते आकार नेहमी कुंचल्याने काढलेले नसत. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे फाडलेले कपटे ओल्या रंगावर दाबायचे आणि उचलायचे, अशी त्यांची एक रीत होती. म्हणजे कोलाजमधला कागद चिकटवून ठेवण्याऐवजी त्यांनी तो काढून घेतला आणि त्याची गैरहजेरी ठेवली. १९८४ साली अपघातात पाठीला इजा झाल्यावर मोठे कॅनव्हास हाताळणे जमेना, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची लहान चित्रे केली. २००१ साली ते गेले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा कुठे नागपूरकरांना आपल्या गावचा माणूस आठवला. आपल्या शेजारच्या मंडला जिल्ह्याचे सैयद हैदर रझा यांच्या बाबतीत असे झाले नाही. त्यांचा बिंदू सर्वांच्या परिचयाचा आहे, आणि नागपूरच्या कलाशाळेत तेही शिकले होते. प्रभाकर बरवे यांचे 'कोरा कॅनव्हास' हे मराठी पुस्तक १९९० चे. कोऱ्या जागेपुढे चित्रकार काय करतो हे ज्याला कळून घ्यायचे आहे त्याने ते मिळवून वाचावे.

कागद चिकटवण्याच्या कलेत मात्र मला सर्वांत जवळचे वाटतात ते बिनोदबिहारी मुखर्जी. डॉक्टर म्हणून वाटतात. नंदबाबूंचे शिष्य, जन्म १९०४. लहानपणापासून एक डोळा निकामी, दुसरा अधू. १९५७ साली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बिघडली आणि उरलेली दृष्टीही गेली. वयाच्या पन्नाशीनंतर संपूर्ण अंध झालेल्या या चित्रकाराने रंगीत कागद बोटांनी चाचपून, कापून, चिकटवून चित्रे केली. माणसे, मांजरे, बसलेली बाई. चार-पाच तुकडे, त्यांहून जास्त नाहीत, कारण जितके हाताला लक्षात ठेवता येईल तितकेच लावायचे. सत्यजित राय यांनी त्यांच्यावर १९७२ साली 'द इनर आय' हा लघुपट केला. त्या चित्रांत काटकसरीचा बाणा नाही. गरजेतून आलेली ती काटकसर आहे, म्हणून ती कधी थंड वाटत नाही.

आणि झरीना हाशमी, जन्म अलिगढचा, १९३७. गणिताची पदवी घेतलेली बाई जगभर हिंडत शेवटी न्यूयॉर्कला राहिली आणि आयुष्यभर घर या एकाच विषयावर काम करीत राहिली. कागद तिने साधन मानला नाही. त्याला ती कातडीसारखी, श्वास घेणारी वस्तू समजे. लगदा साच्यात ओतून तिने कागदाचीच शिल्पे केली. १९९९ सालच्या तिच्या 'होम इज अ फॉरेन प्लेस' या मालेत छत्तीस लाकडी ठसे आहेत. उंबरठा, दार, भिंत अशा एकेका कल्पनेला दोन-चार रेघा आणि खाली एक उर्दू शब्द. पातळ कागदावरचे ते ठसे जाड कागदावर खळीने बसवलेले आहेत. ज्यांचे गाव एका प्रांतात, भाषा दुसऱ्या प्रांतात आणि नातलग तिसरीकडे, अशा आपल्यासारख्या घरांना ती माला समजावून सांगावी लागणार नाही. १९५६ च्या नोव्हेंबरात नागपूर त्या बाजूला गेले आणि बालाघाट या बाजूला राहिले, तेव्हा आपल्या वाडवडिलांनी घर हलवले नव्हते. रेघ हलली होती.

आमच्या होमिओपॅथीत कमीत कमी मात्रा हा नियमच आहे, तेव्हा असली चित्रे मला चटकन पटत असतील. वाचकांनी हा पक्षपात वजा करून घ्यावा. पण सगळीच मोकळी चित्रे चांगली नसतात, हेही सांगून टाकतो. दोन तुकडे लावून हात झटकणे सोपे आहे. तुकडा एक बोटभर सरकवला तर चित्र कोसळले पाहिजे. कोसळत नसेल तर ते मुळात उभेच नव्हते.

हाताने करून पाहायचे असेल तर कृती अवघड नाही. दवाखान्यात पुड्या बांधताना कोणालाही एक गोष्ट कळते: गिरणीचा कागद एका दिशेने सरळ फाटतो, आडवा फाडला की वेडावाकडा जातो. यंत्रावर धावताना त्याचे तंतू एकाच अंगाला निजलेले असतात. हातकागदाचा ताव उचलताना चटई दोन्ही अंगांनी हलवतात, त्यामुळे तंतू चोहीकडे गुंततात आणि तो कुठल्याही दिशेने सारखाच फाटतो. बारीक कुंचल्याने पाण्याची रेघ ओढा, क्षणभर थांबा, आणि दोन्ही हातांनी अलगद ओढा. कडेला तंतूंची मिशी फुटेल. ही मऊ कड खालच्या कागदात विरघळल्यासारखी बसते. कात्रीची कड तशी बसत नाही, ती आपले वेगळेपण सांगत राहते. दोन्हींचा उपयोग आहे. एका चित्रात मात्र कोणतीतरी एकच कड मुख्य असू द्या.

खळ ताजी करा. आपल्या जिल्ह्याचा चिन्नोर तांदूळ सुगंधासाठी नावाजलेला, पण खळीला साधा जाडा तांदूळही पुरतो. पीठ गार पाण्यात कालवून मंद आचेवर पारदर्शक होईतो ढवळायचे आणि फडक्यातून गाळायचे. बांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत. मलाजखंडच्या तांब्याच्या गावी राहूनही मी सांगेन की घालू नका. तांबे कागदाला हळूहळू खाते. जुन्या चित्रांत जंगाल या हिरव्या रंगाखालचा कागद फुटलेला दिसतो, तो याचमुळे. त्यापेक्षा दोन-तीन दिवस पुरेल एवढीच खळ करावी, फार तर लवंगतेलाचा थेंब टाकावा. खळ वाळताना आकसते आणि कागद वाकतो, म्हणून मागच्या बाजूलाही तेवढ्याच वजनाचा ताव लावावा आणि टिपकागदात घालून पाटाखाली दोन दिवस दाबून ठेवावे. दोऱ्यांच्या पाटीचा वळ उमटवायचा असेल तर चिकटवण्याच्या आधी, ताव किंचित दमट असताना.

आता ट्रंकेचे.

आपल्या किती तरी घरांत भोसल्यांच्या अमदानीतले नाही तरी मालगुजारीच्या काळातले कागद आहेत. रोजकीर्दी, खतावण्या, विहिरीच्या हिश्श्याचे करार, लग्नाच्या याद्या. पुष्कळसे मोडीत, आणि मोडी वाचणारा आता एका हाताच्या बोटांवर मोजावा. अशा घरी कोणी कलाप्रेमी येतो आणि म्हणतो, जुना कागद द्या, त्याचा रंग नव्याला येत नाही. रंग येत नाही हे खरेच आहे. राजस्थानच्या बाजारात जुन्या मुद्रांकांवर आणि बह्यांच्या पानांवर नवी लघुचित्रे रंगवून विकतात, ती याच रंगाच्या जोरावर. घरच्यांनाही वाटते, नाही तरी वाळवीच खाणार, त्यापेक्षा काचेआड भिंतीवर लागले तर काय वाईट? हा मुद्दा मी हलका मानत नाही. वाळवीने खाल्लेल्या ट्रंका मीही पाहिल्या आहेत.

तरी माझे मत आहे की लिहिलेल्या एकाही पानाला कात्री लागू नये. मालगुजारी १९५१ साली गेली. तिच्यातले कोण कुळ होते, कोणाचे किती देणे होते, कोणत्या गोंड-पोवार घराने कोणत्या सालच्या दुष्काळात बैल गहाण टाकला, हे या कागदांखेरीज दुसरीकडे असेलच असे नाही. तो इतिहास एकट्या आपल्या घरांचा नाही, त्या घरांचाही आहे. चौकटीत लागलेला चार बोटे तुकडा सुंदर दिसेल, पण त्याची उरलेली पाठपोट पाने मुकी होतील.

कोऱ्या पानांचे काय? खतावणीच्या शेवटी पाच-पंचवीस कोरी पाने असतात आणि मागणाऱ्याचा डोळा नेमका त्यांच्यावर असतो. "त्यांवर तर काहीच नाही, काका." त्यांवर आहे. हिशेब कोणत्या मितीला थांबला आणि पुढे किती लिहायचे मनात होते, हे ती पाने सांगतात. दुकान बंद झाले, कर्ता पुरुष गेला, की नवे राज्य आले? वही शिवलेली आहे तोवर कोरे पानही त्या वहीचे पान आहे. आधीच सुटलेली, कोणत्या वहीची ते सांगता येत नाही अशी पाने आणि वेष्टने मात्र खुशाल वापरा. तेवढ्यात दहा चित्रे होतील. जुना रंगच हवा असेल तर नव्या हातकागदाला चहाच्या किंवा हिरड्याच्या पाण्याचा हात द्या. मोडी अक्षराचे वळण हवे असेल तर पानाचा फोटो घेऊन तो नव्या कागदावर उतरवा. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

आणि हो, त्या ट्रंकेतले कागद प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा, धुतलेल्या सुती फडक्यात बांधा, जमिनीपासून हातभर उंच ठेवा, दर उन्हाळ्यात एकदा सावलीत वारा लागू द्या. महाराष्ट्र शासनाचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. नागपूर आपल्याला फार दूर नाही. घरातल्या एखाद्या सुनेला किंवा नातवाला आवड असेल तर पाठवा.

चित्र करणाऱ्यांसाठी एकच बारीक सूचना उरली. तुकडे लावून झाले, पाटाखालून ताव काढला, की मागच्या बाजूला कोपऱ्यात लिहून ठेवा: खालचा कागद कुठला, वरचे तुकडे कुठले आणि कोणाच्या घरचे, खळ कशाची, साल कोणते. पेन्सिलने लिहा. शाई पुढे झिरपते.